राजाभाऊंचं मूल्यमापन

“राजाभाऊ उभा राह्यला का आजबी हिरो दिसते गा,” माझ्या मागच्या पायरीवरून आवाज आला. “खुर्चीत बसला का मंग पंचाईत.”

“कोनाची? त्याची का आपली?” दुसऱ्या आवाजाने विचारलं.

“टीमची.”

मी मागे वळून पाहिलं नाही. सामना चालू असताना गुणलेखकाने मागे वळायचं नसतं, आणि मला तसंही मागे वळायला आवडत नाही. आवाज ओळखीचे होते. आमच्या दोन खेळाडूंचे वडील होते ते, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. खाणीच्या याच कॉलनीच्या मैदानावर त्यांनी राजाभाऊंना तरुणपणी खेळताना पाहिलं होतं.

तेवढ्यात राजाभाऊ खरोखरच उभे राहिले. आमच्याकडे प्रमुख पाहुण्यांना खुर्ची नाही, सोफा देतात. त्या सोफ्यावरून ते उठले, ब्लेझरचं बटण लावलं, आणि खेळ चालू असताना सरळ आमच्या राखीव खेळाडूंच्या बाकाकडे चालत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकापाशी थांबून ते एका मुलीला चेंडू सोडल्यावर मनगट कसं खाली पडलं पाहिजे ते दाखवू लागले. दाखवता दाखवता त्यांचा एक बूट रेषेच्या आत गेला. पंचाने शिट्टी मारली आणि समोरच्या संघाला फुकटचा फेका, म्हणजे फ्री थ्रो, दिला. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. मी आमच्या संघाच्या नावापुढे दंडाची खूण केली. राजाभाऊ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “लिव, लिव. रेकॉर्ड होऊ दे.”

हे आमचे संघ संचालक. खेळाडू निवडणं, प्रशिक्षकाला मोकळीक देणं, गाडीची आणि जेवणाची सोय बघणं, आणि सामन्याच्या वेळी सोफ्यावर शांत बसणं, एवढंच त्यांचं काम. यातलं चौथं सगळ्यांत सोपं आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण थोडंच आहे. माझं शिक्षण चंद्रपुरात इंग्रजी शाळेत झालं. घरी आईवडील इकडची झाडीबोली बोलतात, शाळेत इंग्रजी बोलावं लागायचं, आणि पुस्तकातली मराठी मी या दोन्हींच्या मधल्या वेळात शिकले. त्यामुळे मला तीन भाषांमध्ये गप्प बसता येतं. याच गुणावर मला नोकरी मिळाली असावी. नानाभाऊंची सिंदेवाहीकडे भाताची गिरणी आहे. त्यांनी मुलींच्या बास्केटबॉल लीगमधला एक संघ घेतला आणि त्याचं नाव ‘वाघिणी’ ठेवलं. चंद्रपुरात पानठेल्यापासून पतसंस्थेपर्यंत सगळ्यांच्या फलकावर वाघच असतो, तेव्हा दुसरं काय ठेवणार? लीगचे मेल इंग्रजीत यायचे. ते वाचायला कोणीतरी हवं होतं.

“इंग्रजी येते?” नानाभाऊंनी विचारलं.

“येते.”

“बास्केटबॉल?”

“कॉलेजात स्कोअर लिहायचे.”

“खेळत नव्हती?”

“नाही.”

“मंग बरं हाये बाई. खेळलेले आपल्याकडं लगीत हायेत.”

लगीत म्हणजे पुष्कळ. एक राजाभाऊच पुष्कळ होते.

माझं काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड नाही. मैदानावर सगळे चेंडू बघतात. मी जिच्या हातात चेंडू नाही तिच्याकडे बघते. एखादीने बास्केट केली तर ती कोणाच्या पासवर केली, पास देणारीला वाट कोणी मोकळी करून दिली, हुकलेला चेंडू परत कोणी आणला, समोरच्या उंच मुलीला बास्केटखाली येऊ न देता पाठीने कोणी अडवून धरलं, हे मी टिपते. नंतर चित्रफीत पाहून त्याचे तुकडे करून प्रशिक्षकांना देते. ज्या गोष्टींना टाळ्या मिळत नाहीत त्या टिपणं, असा हा धंदा आहे. लाजऱ्या माणसाला याहून चांगला धंदा सापडणार नाही. तुम्ही सगळ्यांकडे बघत असता आणि तुमच्याकडे कोणी बघत नसतं.

राजाभाऊंचं अगदी उलट. तरुणपणी एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, भोंगा वाजता वाजता, त्यांनी लांबून टाकलेला चेंडू बास्केटमध्ये पडला आणि राज्याचा संघ जिंकला. तो चेंडू पडला होता याबद्दल कोणालाच शंका नाही, चंद्रपुरात तो पाहिलेली माणसं अजून आहेत. वाद फक्त अंतराचा आहे. साक्षीदार जवळ असल्यामुळे चंद्रपुरातल्या सत्कारात तो चेंडू बाहेरच्या कमानीवरून सुटतो. मूल गावी तो अर्ध्या मैदानावरून सुटायचा. गडचिरोलीत त्याच्याही मागून. एटापल्लीला पोचेपर्यंत राजाभाऊ स्वतःच्याच बास्केटखाली उभे होते. त्याच्या पुढे रस्ता छत्तीसगडात जातो, म्हणून आम्ही तिथून परत फिरलो.

संचालक झाल्यावर त्यांनी पहिला निर्णय घेतला तो स्वतःचा जुना क्रमांक कायमचा राखून ठेवायचा. ‘वाघिणी’च्या कोणत्याही खेळाडूला तो क्रमांक मिळणार नाही. राजाभाऊ अर्थातच ‘वाघिणी’कडून कधी खेळलेले नव्हते. आमच्या प्रशिक्षक मंगलाताई तेव्हा म्हणाल्या होत्या, “बरं झालं. कोनी पोरगी तो नंबर घालून सोफ्यावर जाऊन बसली असती त?”

त्यांची कारभाराची पद्धतही त्या एका चेंडूवर बेतलेली होती. सगळं शेवटच्या क्षणी. खेळाडूंची नोंदणी मुदत संपता संपता, मुक्कामाची चौकशी गाव दिसायला लागल्यावर. मैदानावर याला धैर्य म्हणतात. कार्यालयात काय म्हणतात ते मला इंग्रजीतही लिहिता आलं नाही. गंमत अशी की बऱ्याचदा चेंडू पडायचा. नोंदणी शेवटच्या घटकेला स्वीकारली जायची, आणि राजाभाऊ माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “पाह्यलं मिस? यालेच म्हनते टायमिंग.”

एकदा नाही पडला. गडचिरोलीला सामना होता. गाडीचं मी आठवडाभर विचारत होते आणि ते “होऊन जाते” म्हणत होते. निघायच्या सकाळी कळलं की लग्नसराईमुळे शहरात एकही गाडी मोकळी नाही. मुली पिशव्या घेऊन कॉलनीच्या फाटकापाशी उभ्या. राजाभाऊंनी नानाभाऊंच्या गिरणीचा टेम्पो बोलावला. तो कोंडा उतरवायला निघालेला, तसाच आला. संघ कोंड्याच्या पोत्यांवर बसून गडचिरोलीला गेला. मी पुढे चालकाजवळ बसले होते, तरी माझ्या लॅपटॉपच्या कळांमध्ये कोंडा गेला. काही कळा अजून करकरतात. उतरल्यावर समोरच्या संघातल्या एका मुलीने आमच्या मुलींचे पिवळसर केस बघून विचारलं, “हळद लागून राह्यली का तुमची?”

तो सामना आम्ही जिंकलो, हे दुर्दैव. कारण पुढच्याच सत्कारात राजाभाऊंनी सांगितलं, “बसनं गेल्या असत्या त हरल्या असत्या. संघर्ष पाह्यजे.” मग पुढच्या दौऱ्यालाही टेम्पोच ठरला.

“भाऊ,” मंगलाताई म्हणाल्या, “कोंडा पाठोता तसी आता एखादी म्हैसबी पाठवा. दूधबी तिथीच मिळन.”

राजाभाऊ मनापासून हसले. हीच त्यांची अडचण होती. त्यांच्यावर चिडून राहता येत नसे. दीक्षिताचा, म्हणजे आमच्या सगळ्यांत उंच मुलीचा, सरावात पाय मुरगळला तेव्हा तिला त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवलं आणि दवाखान्यात तिची आई येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. तिथल्या नर्सबाईंना तो चेंडू ऐकावा लागला, पण ते सोडा. आणि सकाळी मैदान रिकामं असताना कधीकधी ते एकटे चेंडू टाकायचे. तो हात सुटताना बघितला की मीसुद्धा साहित्याच्या खोलीची कडी लावता लावता थांबायचे. पोट सुटलं होतं, गुडघे वाकत नव्हते, पण मनगट तसंच होतं. मला वाईट वाटायचं ते याचं, की या माणसाला जे उत्तम येतं ते आता कोणालाच नको होतं, आणि जे येत नाही त्याचं त्याला पद मिळालं होतं.

एटापल्लीला आम्ही खेळाडू निवडायला गेलो होतो. म्हणजे मी आणि मंगलाताई निवडायला गेलो होतो, राजाभाऊ सत्काराला. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटांगणात सकाळपासून मुली चाचणीसाठी बसलेल्या. आधी दीपप्रज्वलन झालं, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग स्थानिक मान्यवरांची भाषणं, मग राजाभाऊंचं भाषण. चेंडू स्वतःच्या बास्केटखालून सुटला तो याच भाषणात. चाचणीची वेळ आली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती, आणि कोणीतरी म्हणालं, “भाऊ, एकडाव दाखवा ना मारून.”

राजाभाऊंनी गळ्यातला हार न काढता चेंडू मारायला सुरुवात केली. हार आणि मनगट यांचं जमेना. चेंडू हुकत गेला. बास्केटखाली एक बुटकी, काटक मुलगी उभी होती. हुकलेला प्रत्येक चेंडू ती जमिनीला लागायच्या आत पकडायची आणि राजाभाऊंकडे फेकायची. मी तिच्याकडे बघत राहिले. राजाभाऊ दर वेळी थोडे सरकत होते, कधी डावीकडे, कधी मागे, आणि चेंडू दर वेळी त्यांच्या छातीसमोर अलगद येत होता. त्यांना एकदाही हात लांबवावा लागला नाही. ते सरकण्याआधीच तो तिच्या हातून सुटलेला असायचा. शेवटी एक चेंडू पडला. टाळ्या झाल्या. राजाभाऊ म्हणाले, “या जागेतच काहीतरी हाये.”

मी मंगलाताईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ,” ताई म्हणाल्या, “ते पोरगी घ्या.”

“कोनती?”

“तुमाले बॉल देत होती ते.”

राजाभाऊंना आठवावं लागलं. “हो हो. घ्या तिलेबी. सेवाभावी हाये पोरगी.”

अशी रंजू उसेंडी सेवाभावी म्हणून संघात आली. दीक्षिताही त्याच दिवशी आली. तिने राजाभाऊंना हार घातला होता, आणि हार घालताना तिला टाचा उंचवाव्या लागल्या नव्हत्या. राजाभाऊंच्या निवडीत एवढं शास्त्र होतं.

रंजू घरी गोंडी बोलायची. मराठी मोजकी आणि टोकदार. आम्ही दोघी प्रवासात शेजारी बसायचो, कारण दोघींनाही बोलायचं नसायचं. एकदा मीच विचारलं, “तू स्वतः बास्केट का करत नाहीस? जागा मोकळी असते तुला.”

“मले दिसते ना, दीक्षिता माह्यापेक्षा मोकळी हाये म्हनून.”

“आणि ती नसेल तर?”

“मंग मारतो ना मी. मॅडम, बॉल जिले पाह्यजे तिले देतो. मले घरी नेऊन का करायचं हाये त्याचं?”

बाहेरच्यांसाठी सांगते. पास देणं म्हणजे चेंडू माणसाकडे फेकणं नव्हे. माणूस पुढच्या क्षणी जिथे असणार आहे तिथे फेकायचा असतो, आणि कधीकधी त्या माणसालाच माहीत नसतं की तो तिथे असणार आहे. रंजूला ते आधी कळायचं. ती मैदानात असली की बाकीच्या चौघी आहेत त्यापेक्षा चांगल्या वाटायच्या. ती बाहेर बसली की त्याच चौघी एकमेकींच्या अंगावर धावायच्या. दीक्षिताच्या नावावर गुणांचा ढीग लागत होता, आणि त्या ढिगाखाली बघितलं तर बहुतेक वेळा रंजूचा पास होता. मी हे चित्रफितीचे तुकडे जोडून राजाभाऊंना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “दीक्षिताचा हात पाह्य कसा सुटून राह्यला! मीच शिकवला तिले.”

“सर, पास कोणाचा आहे ते बघा.”

“पास त कोनीबी देते मिस. पॉइंट काऊन नाई मारत ते पोरगी?”

संघात नाव असलं की चंद्रपुरात संघाच्या वसतिगृहात खोली मिळते. खोली होती म्हणून रंजू इथल्या कॉलेजात शिकत होती. तिला क्रीडाशिक्षिका व्हायचं होतं. नाव गेलं की खोली जाणार, आणि एटापल्लीहून रोज चंद्रपूरला येऊन कोणी कॉलेज करू शकत नाही. हे ती कधी बोलून दाखवत नसे. फक्त हंगाम संपायला आला तशी ती वह्या एका खोक्यात भरून ठेवू लागली. मी विचारलं तर म्हणाली, “काई नाई, झुरळ लागून राह्यले.”

त्याच सुमारास नानाभाऊंनी मला गिरणीवर बोलावलं. मागे भात भरडण्याचा आवाज चालू होता आणि ते त्यावरून बोलत होते. त्यांच्या जावयाने पुण्याहून सांगितलं होतं की कंपन्यांमध्ये वर्षाच्या शेवटी प्रत्येकाच्या कामाचं मूल्यमापन करतात.

“राजाभाऊचं काम कसं हाये?” त्यांनी विचारलं. “तू बाहेरची हायेस. तुह्यं कोनासंगं काई नाई. खरं सांग.”

मी म्हणाले, “लिहून देते.”

“इंग्रजीत लिव. मराठीत लिवलं का मानसाले लागते. जावई येनार हाये सभेले, तो वाचून सांगन.”

मी लिहिलं. इतकं सरळ मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. निवड सत्कारावर अवलंबून असते, प्रवासाची सोय दैवावर, प्रशिक्षकाच्या कामात ढवळाढवळ होते, आणि संघातली सगळ्यांत उपयोगी खेळाडू संचालकांना अजून दिसलेलीच नाही. व्यक्ती म्हणून ते प्रेमळ आहेत, हेही लिहिलं. खाली सही केली आणि बंद लिफाफ्यात कागद गिरणीवर देऊन आले. कित्येक दिवस हलकं वाटत होतं. इंग्रजीत धीट असणं किती सोपं आहे, हे मला तेव्हा कळलं.

वार्षिक सभा कॉलनीच्या सभागृहात होती. मी आत गेले तेव्हा व्यासपीठावर टेबलावर शाल आणि नारळ होता. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम असेल. पण आमच्याकडे हे असंच आहे. ज्याच्या कामाबद्दल बोलायचं त्याचा आधी सत्कार करावा लागतो, आणि सत्कार केल्यावर त्याच्या कामाबद्दल बोलता येत नाही. मुलींना ओवाळायची ताटं देऊन दाराशी उभं केलं होतं. रंजूच्या ताटातला दिवा सारखा विझत होता आणि दीक्षिता स्वतःच्या दिव्याने तो लावून देत होती.

जावई आले नव्हते. सूत्रसंचालन नानाभाऊंच्या गिरणीचे व्यवस्थापक करत होते. त्यांनी माईकवर सांगितलं, “आता आपले लाडके राजाभाऊ यांना मानपत्र प्रदान होईल,” आणि पडदा बाजूला सारून एक मोठी सोनेरी चौकट पुढे आणली. कडेला फुलांची नक्षी, वर ‘वाघिणी’चं बोधचिन्ह, खाली माझी सही.

मी दोनदा वाचलं. माझंच होतं. परिच्छेदसुद्धा तेच. नंतर कळलं ते असं: नानाभाऊंनी लिफाफा व्यवस्थापकांना देऊन सांगितलं, “राजाभाऊचा कागद हाये, सभेत लागन.” आजवर राजाभाऊंबद्दल जो कागद निघाला तो मानपत्रच होता, म्हणून त्यांनी तो नेहमीच्या छापखान्यात नेऊन दिला. छापखानेवाल्यानेही नेहमीसारखी नक्षी घातली. या सगळ्या प्रवासात तो कोणीही वाचला नाही. यात इंग्रजीचा काही दोष नाही. मानपत्र मराठीत असतं तरी कोण वाचतं? ते धरून फोटो काढायचा असतो.

राजाभाऊंनी चौकट छातीशी धरली. डोळे भरून आले होते त्यांचे. “इंग्रजीत मानपत्र पह्यल्यांदा भेटलं मले,” ते म्हणाले. “आमच्या मिसनं लिवलं. कमी बोलते पोरगी, पन मनात कदर हाये.” आणि सगळ्यांबरोबर मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. माझ्या शेजारी मंगलाताई पदर तोंडात धरून हसू दाबत होत्या. त्यांनी चौकटीतल्या पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या.

मग राजाभाऊंनी शाल सावरत पुढच्या हंगामाचा संघ जाहीर केला. कर्णधार दीक्षिता. एकेक नाव येत गेलं, टाळ्या होत गेल्या. रंजूचं नाव आलं नाही. रांगेत बसलेल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

“भाऊ, रंजू राह्यली,” मंगलाताई मोठ्याने म्हणाल्या.

“नाई ताई, राह्यली नाई. रंजू चांगली पोरगी हाये, सेवाभावी हाये. पन पब्लिक पॉइंट पाह्यते. आपल्याले मॅच मारनारी पाह्यजे.”

“अन मले बॉल कोन देईन मंग?” दीक्षिता जागेवरूनच म्हणाली.

“तू कॅप्टन हायेस बेटा. तुले सगळेच देतीन.” राजाभाऊंनी मोठ्या प्रेमाने सांगितलं. सभागृहात हशा झाला.

रंजू हसली नाही आणि रडलीही नाही. तिने मांडीवरचं ताट खाली ठेवलं आणि दिवा फुंकून विझवला. खोक्यात वह्या का भरत होती, ते मला कळलं. तिला हेही आधीच दिसलं होतं.

नानाभाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर सोनेरी चौकटीत होतं, आणि ते म्हणत होते, “सुंदर झालं बाई मानपत्र.”

व्यवस्थापक माईकवर आले. “आता आभारप्रदर्शन.” आणि माझं नाव घेतलं. संस्थेत जी सगळ्यांत कमी बोलते तिला आभार मानायला लावायचे, ही पद्धत सगळीकडेच असावी. एक तर ती नाही म्हणत नाही, आणि तोवर कोणी ऐकत नसतं. खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. मागे चहाची भांडी वाजत होती.

“जाय ना वं,” मंगलाताईंनी मला कोपराने ढकललं. “का पुन्हा लिवून देतं?”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी रेंगाळावं लागणार नाही. नानाभाऊ त्या दिवशी चहा न घेता गेले. त्यांनी दोन दिवसांनी मंगलाताईंना गिरणीवर बोलावलं, आणि संघ त्यांनी निवडला. रंजू अजून आमच्याकडे खेळते, तिचं कॉलेजही चालू आहे. आता ती अधूनमधून स्वतः चेंडू मारते आणि हुकला की माझ्याकडे बघते, जणू मीच सांगितलं होतं. राजाभाऊ मानद सल्लागार झाले. त्यांना सोफा आहे, शाल आहे, सहीचा अधिकार नाही. सकाळी ते मुलींना मनगट शिकवतात, आणि त्यात त्यांच्या तोडीचा माणूस या दोन जिल्ह्यांत नाही. माझ्याशी ते बरेच महिने बोलले नाहीत. ती चौकट मात्र त्यांच्या बैठकीत लावलेली आहे, असं ऐकते. मला त्याचा आनंद होत नाही, पण मी ती परत मागायलाही गेले नाही.

त्या दिवशी माईक माझ्या उंचीपेक्षा वर होता. मी तो खाली केला नाही, मान वर करून बोलले. पहिलं वाक्य चहाच्या भांड्यांच्या आवाजात बुडालं, म्हणून पुन्हा सुरुवात केली.

“आभार नंतर मानते. आधी उत्तर देते. नानाभाऊ, तुम्ही मला विचारलं होतं, राजाभाऊंचं काम कसं आहे. खेळाडू म्हणून मला माहीत नाही, मी तेव्हा जन्मले नव्हते. संचालक म्हणून ते वाईट आहेत. तुम्ही रंजूला काढू नका. त्यांना काढा.”